साडेबाराचे निरोप

३ जून, सोमवार

ट्रान्समीटरच्या नोंदवहीत 'शेरा' हा रकाना चार बोटं रुंद आहे. 'मनोऱ्यावर बर्फ' लिहिलं की तो संपतो. जे त्यात बसत नाही त्यासाठी आजपासून ही वेगळी वही. कुणाला दाखवायची नाही.

ओव्हिदिओ आज सकाळच्या बसने कोमोदोरोला गेले. घशात गाठ आहे, गुरुवारी कापणार. एकतीस वर्षं आमच्या रेडिओवर पठारासाठीचे निरोप त्यांनी वाचले. दुसऱ्या निवेदकाची जागा दोन वर्षं रिकामी आहे, म्हणून निरोप मी वाचायचे असं डायरेक्टरबाईंनी ठरवलं. मी तंत्रज्ञ आहे, आवाज लावणं माझं काम नाही, असं मी सांगितलं. त्या म्हणाल्या, 'मग न लावता वाच.'

बसच्या पायरीवर उभं राहून ओव्हिदिओंनी मला तीन गोष्टी सांगितल्या. प्रत्येक निरोप दोनदा वाचायचा. आधी नाव, मग वस्ती. आणि कागदाला हात लावायचा नाही. त्यांचा आवाज पत्र्यावर काहीतरी घासावं तसा येत होता. 'लिहिलंय तसं वाचायचं, काडे. एक अक्षर इकडचं तिकडे नाही.' ते मला काडी म्हणतात. तीन वर्षं मी त्यांच्यासमोर काचेपलीकडे बसते आहे. मी कागदाला हात लावीन असं त्यांना का वाटलं, कळलं नाही.

आणखी काही, असं मी विचारलं. बाकी तुला माहीतच आहे, म्हणाले.

५ जून, बुधवार

दुपारी साडेबाराला अकरा निरोप, संध्याकाळी सहाला तेच पुन्हा आणि चार नवे.

तीन वर्षं हे निरोप मी ऐकलेच नव्हते, असं आज लक्षात आलं. मी काटा बघत होते. ओव्हिदिओंचा आवाज लाल रेषेच्या जरा अलीकडे ठेवला की माझं काम झालं. आज कागद हातात होता. मेंढ्यांचं औषध ट्रकवर चढवलं आहे, शुक्रवारी फाट्यावर उभे राहा. मुलगी झाली, दोघी बऱ्या, नाव अजून ठरलं नाही. चष्मा दुरुस्त झाला, पण काच आधीची नाही, सवय करून घ्या. पठारावर टेलिफोन नाही, त्यामुळे सगळ्यांचं सगळं सगळे ऐकतात.

काउंटरवर एक म्हातारा आला होता. म्हणाला, 'तुझे निरोप घोड्यावर बसून पळतात, पोरी. आमच्याकडे माणसं ते दाराच्या फळीवर कोळशाने लिहून घेतात.' मी टेप लावून मोजलं. मी मिनिटाला एकशे बेचाळीस शब्द वाचते, ओव्हिदिओ शहाण्णव. उद्यापासून शहाण्णव.

८ जून, शनिवार

शनिवारी एक तास गावाचा आणि पठाराचा. गावच्या बातम्या (मेंढ्यांचं प्रदर्शन बर्फामुळे पुढे ढकललं, शाळेच्या वृंदगानाला दोन खालचे आवाज हवेत) आणि मग पठारावरचं संगीत. एप्रिलमध्ये बेलार्मिनो किलाकेओची अकॉर्डियन मुद्रित केली होती, ती लावली. वय एकाहत्तर. दीड दिवस घोड्यावर आणि अर्धा दिवस ट्रकवर येऊन त्याने चार पोल्का वाजवल्या. टाच आपटायचा, मायक्रोफोनमध्ये ठोके यायचे. मी बूट काढायला सांगितलं. त्याने दोन्ही काढले, मोज्यांवर वाजवलं, आणि जाताना म्हणाला, 'बुटाशिवाय माझी पोल्का लंगडते. पण तुमचं यंत्र खूश झालं ना?'

आज टेप ऐकताना वाटलं, त्याचं बरोबर होतं. ठोके राहू द्यायला हवे होते.

ब्युनोस आयर्सहून पत्र आलं आहे. सप्टेंबरपासून पातागोनियातल्या स्थानकांनी स्वतःचा रोजचा कार्यक्रम नऊ तासांवरून दोन तासांवर आणायचा. डायरेक्टरबाईंनी पत्र रक्षापात्राखाली ठेवलं.

११ जून, मंगळवार

वाचायचं आहे तर समजून घ्यावं म्हणून दोन वर्षांच्या निरोपांची फाइल काढली. आजाराचे निरोप वेगळे केले. पठारावरून गावात पोचलेला माणूस घरी 'पोचलो' असा निरोप देतो, त्यामुळे तारखा जुळवता येतात.

'नाजूक आहे' असे एकतीस निरोप. त्यांतली बहुतेक माणसं पुढे बरी झाली. नातेवाईक यायला सरासरी नऊ दिवस लागले.

'फार नाजूक आहे' असे चौदा. नातेवाईक सरासरी दोन दिवसांत आले. मात्र चौदाच्या चौदा वेळा, त्याच किंवा दुसऱ्या दिवशीच्या आमच्या बातम्यांत दफनाची वेळ आहे.

यावरून दोन गोष्टी दिसतात. एक, लोक निरोप द्यायला फार उशीर करतात, अगदी शेवट आला की काउंटरवर येतात. दोन, 'फार' हा शब्द ऐकला की माणसं लवकर निघतात. पहिल्या मुद्द्यावर डायरेक्टरबाईंना अर्धं पान लिहून दिलं. वेळेवर निरोप द्या, असं आवाहन करता येईल. त्या पत्राच्या उत्तरात गुंतल्या आहेत, बघते म्हणाल्या.

१४ जून, शुक्रवार

पहाटेपासून बर्फ.

अकराला एल्सिरा आली. पन्नाशीची, शाळेच्या स्वयंपाकघरात असते. तिची आई क्लोरिंदा, ब्याऐंशी वर्षांची, काल दवाखान्यात दाखल झाली. भाऊ सातुर्निनो पठारावर आग्वादा ओंदा या वस्तीवर एकटा मेंढ्या राखतो. इथून एकशे दहा किलोमीटर. एल्सिराने उभ्या उभ्या कागद भरला आणि दवाखान्यात परत गेली. 'सातुर्निनो, आग्वादा ओंदा. आई नाजूक आहे, दवाखान्यात. ये. एल्सिरा.'

मी दवाखान्यात फोन केला. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलं आहे. आठ दिवस, दहा झाले तर पुष्कळ. शुद्धीवर आहेत, मुलगा आला का, सारखं विचारतात.

म्हणजे एल्सिराने कमी लिहिलं होतं. 'नाजूक'ला माणसं नऊ दिवसांत येतात. त्यात हे बर्फ. नऊ आणि आठ, हे गणित जमत नाही.

ओव्हिदिओंचं सांगणं आठवलं. पण त्यांनी कारण दिलं नव्हतं. मी 'नाजूक'च्या आधी 'फार' लिहिलं. हे खोटं नाही, डॉक्टरांच्या म्हणण्याला ते अधिक धरून आहे. साडेबाराला दोनदा वाचलं, सहाला दोनदा. आवाज स्थिर होता.

१६ जून, रविवार

साठ सेंटिमीटर. मनोऱ्याच्या ताणतारांवर बर्फ चढलं, काठीने झोडून काढलं. मनोऱ्यातून ट्रान्समीटरकडे उलटी परतणारी लहर साडेचार टक्क्यांवरून दोनवर आली.

बेकरीत मालकीणबाईंनी विचारलं, एल्सिराकडे पाव पाठवू का, पाहुणे येतील ना. कसले पाहुणे, मी म्हटलं. क्लोरिंदाबाई आज सूप प्यायल्या, मी फोन करून विचारलं आहे. त्यांनी हातातला पाव परत फळीवर ठेवला. मग म्हणाल्या, माझ्या ऐकण्यात चूक झाली असेल. मालकीणबाईंचाही एक भाऊ पठारावर आहे, त्या निरोप रोज ऐकतात, तरी ही गत. लोक अर्धवट ऐकतात.

सातुर्निनो अजून आलेला नाही.

१७ जून, सोमवार

तीन दिवस झाले. 'पोचलो' असा कागद नाही. दवाखान्यात गेले. वॉर्डात रेडिओ नाही, निरोप वाचला गेला हे एल्सिराला समक्ष सांगावं एवढंच काम होतं. एकूण चौदा वेळा वाचला, असं सांगितलं. तिने आभार मानले.

क्लोरिंदाबाईंनी माझा आवाज ओळखला. दवाखान्यात यायच्या आधी आठ दिवस त्यांनी मला ऐकलं होतं. 'रेडिओवाली एवढीशी? आवाजावरून वाटलं, चांगली जाडजूड असशील. ओव्हिदिओ बरा आहे का? त्याला म्हणावं, लवकर ये. तू वाचतेस की मला औषधाचं पुडकं वाचल्यासारखं वाटतं.'

दार वाजलं तशी त्यांनी मान वळवली. 'सातू आला?' नर्स होती.

मग त्यांनी मला सांगितलं. गेल्या हिवाळ्यात मेंढ्या हुडकताना सातुर्निनोचा डावा कान गारठून काळा पडला. त्यानंतर तो गावात आलाच नाही. 'राहिला की गळला, एवढं मला बघायचंय. त्याला विचारलं तर सांगतो बरा आहे. लहानपणी हात मोडला होता तेव्हाही बरा आहे म्हणाला होता.'

उद्या-परवा येईल, असं मी म्हटलं. माझ्या आकड्यांवरून तसंच दिसतं.

२० जून, गुरुवार

क्रमाने लिहिते.

सकाळी दहाला वाग्नर आला. रस्ते खात्याचं बर्फ ढकलायचं यंत्र चालवतो. काल पठारावर आग्वादा ओंदापर्यंत जाऊन आला. वाटेत लोक त्याच्याकडे उत्तरं देतात, तो ती आमच्या काउंटरवर टाकतो आणि आम्ही वाचतो. सातुर्निनोची चिठ्ठी होती.

'एल्सिरा, निरोप ऐकला. आईला बाबांच्या शेजारी ठेव, भिंतीकडच्या बाजूला, तिथे वारा कमी. या बर्फात घोडा वेळेत पोचायचा नाही. बर्फ ओसरलं की येतो. नऊ दिवस पाळतो आहे. सातुर्निनो.'

मी ती दोनदा वाचली. वाग्नरला विचारलं, आईला ठेव म्हणजे कुठे ठेव?

'मातीत. आणखी कुठे?'

'त्या जिवंत आहेत.'

वाग्नर हातमोजे काढत होता. एक काढला, दुसरा तसाच राहिला. 'तूच वाचलंस ना? फार नाजूक. मी यंत्रात बसून ऐकलं.'

'नाजूक आहेत. फार आहेत.'

'पोरी,' तो म्हणाला, 'मेलं, असं रेडिओवर कुणी वाचत नाही. माणूस एकटा असतो, शेजारी चाळीस किलोमीटरवर. त्याला डब्यातून असं कसं सांगायचं? नाजूक म्हणजे आजारी. फार नाजूक म्हणजे संपलं. हे तिकडच्या कोकरांनाही कळतं.'

फाइल माझ्या मागच्या कपाटात होती. चौदापैकी चौदा.

तो सांगत राहिला. सातुर्निनोने खिडक्या लावून घेतल्या होत्या. डोकं उघडं ठेवून बसला होता, डावा कान अर्धाच राहिला आहे. एक मेंढी कापून तिची मागची तंगडी त्याने वाग्नरला दिली, आईच्या नावाने खा म्हणाला. 'जिवंत आईसाठी तो घोडे मारून आला असता, गं. चार दिवसांत आला असता. गेलेल्या आईसाठी घोडा कोण मारतो?'

मी म्हटलं, आत्ता साडेबाराला सांगते.

'सांग. पण त्याचा रेडिओ फडक्याखाली आहे. दुखवट्यात रेडिओ कोण लावतं?'

यंत्र परत नेता येईल का, विचारलं. कालची वाट रात्रीतून बुजली होती. तरी तो गेला. दुपारी परत आला, अठराव्या किलोमीटरच्या पुढे जाता आलं नाही.

तो निघाल्यावर मी कोमोदोरोच्या दवाखान्यात फोन लावला. ओव्हिदिओंना बोलता येत नाही, गळ्याला नळी आहे. नर्सने रिसीव्हर त्यांच्या कानाला धरला. मी सगळं सांगितलं, कुठलाही शब्द न बदलता. पाटीवर खडू घासल्याचा आवाज आला. मग नर्सने पाटीवरचं वाचून दाखवलं. 'शेजाऱ्यांची नावं घे. त्याला नको सांगू, त्यांना सांग. नाव घेतलं की माणूस उठतो.' थोडं थांबून ती म्हणाली, आणखी लिहिताहेत. 'मी तुला सांगायला हवं होतं.'

साडेबाराला वाचलं ते असं. 'बेलार्मिनो किलाकेओ, कान्यादोन लार्गा. विधवा मिलापान, दोस पोसोस. त्रेउके बंधू, पिएद्रा पिन्तादा. सातुर्निनोची आई जिवंत आहे. फार हा शब्द एल्सिराचा नव्हता. तो मी घातला. चूक माझी, नोएलिया कार्कामो. सातुर्निनोचा रेडिओ बंद आहे. जो जाऊ शकेल त्याने जाऊन सांगावं.' चार वेळा वाचलं. टेप तपासली तेव्हा काटा लाल रेषेच्या बराच पलीकडे होता. वाचताना लक्षात आलं नाही.

२१ जून, शुक्रवार

काल संध्याकाळी एल्सिराला सांगितलं. दवाखान्याच्या मागच्या दारात, ती उशीचे अभ्रे पिळत होती. तिने मला शेवटपर्यंत बोलू दिलं.

'तुला कुणी विचारलं होतं?'

मी डॉक्टरांच्या फोनचं सांगितलं. नऊ दिवसांचं आणि दोन दिवसांचंही सांगितलं.

'मी पठारावर वाढले,' ती म्हणाली. 'कुठला शब्द लिहायचा ते मला कळत नव्हतं, आणि तुला कळलं?' अभ्रा तिने झटकून तारेवर टाकला. 'आईला यातलं काही कळता कामा नये. आणि ते दर तासाला वाच.'

दर तासाला वाचते आहे. राजधानीचा कार्यक्रम मध्येच तोडावा लागतो. डायरेक्टरबाईंना विचारलं नाही. त्या येऊन काचेपलीकडे, माझ्या जागेवर बसल्या, आणि काट्यावर लक्ष ठेवलं.

आज चाळीस मिनिटं दवाखान्यात होते. एल्सिराने बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. दार सहा वेळा उघडलं. सहाही वेळा क्लोरिंदाबाईंनी विचारलं, 'सातू आला?' आवाज सोमवारपेक्षा बारीक आहे.

मी त्यांना सांगितलं, वाग्नरने त्याला पाहिलं. कान अर्धा राहिला आहे.

त्या हसल्या, मग खोकल्या. 'अर्धा पुरे झाला. पूर्ण होता तेव्हा तरी माझं कुठे ऐकलं.' मग म्हणाल्या, 'निघाला का पण?'

एल्सिरा म्हणाली, निघाला. मी सलाइनच्या थेंबांकडे बघत होते. मिनिटाला अठरा.

२३ जून, रविवार

पठारावरच्या पोलीस चौकीने बिनतारीवरून कळवलं. बेलार्मिनो गुरुवारी दुपारी, निरोप ऐकला तसाच निघाला. वाटेत माणूस नसलेल्या एका मेंढवाड्यात मेंढ्यांमध्ये झोपला. काल सकाळी आग्वादा ओंदाला पोचला. परतताना चौकीत शिरून त्याने आमच्यासाठी उत्तर दिलं. 'सांगितलं. गेला.'

सातुर्निनो काल नऊच्या सुमाराला दोन घोडे घेऊन निघाला आहे. त्याच्या खिशात रेडिओ नाही.

दवाखान्यात मी पळत गेले. एरवी मी पळत नाही. आता खरंच निघाला, असं एल्सिराला सांगितलं. तिने मान हलवली आणि आत गेली. दारातून ऐकू आलं. क्लोरिंदाबाई विचारत होत्या, किती दिवस. एल्सिराने बोटं दाखवली असावीत. 'तेवढे आहेत,' त्या म्हणाल्या.

मी हिशोब केला. एकशे दहा किलोमीटर, गुडघाभर बर्फ, आलटून पालटून दोन घोडे. मंगळवारी दुपार.

२४ जून, सोमवार

क्लोरिंदाबाई सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी गेल्या.

पावणेबाराला एल्सिरा स्टेशनवर आली. काउंटरवर कागद होते, तिने घेतला नाही. म्हणाली, वाचू नको. साडेबाराला नाही, एकच्या बातम्यांत नाही, कुठेच नाही. तो वाटेत कुणाच्या तरी चुलीपाशी कपडे वाळवायला थांबेल. तिथे रेडिओ असेल.

'तो जिवंत आईकडे येतोय,' ती म्हणाली. 'गावच्या पुलापर्यंत तसाच येऊ दे.'

डायरेक्टरबाईंनी बातम्यांतून नोंद काढली. एवढ्या वर्षांत गावातल्या मयताची बातमी आम्ही गाळली असं पहिल्यांदाच झालं. साडेबाराला चार निरोप होते. एक सरपणाचा, दोन औषधांचे, एक वाढदिवसाचा. मिनिटाला शहाण्णव शब्द.

बेलार्मिनोला आणि शेजाऱ्यांना उद्देशून दर तासाला वाचत होते, ते शनिवारीच थांबायला हवं होतं. रविवारी बातमी आल्यावर थांबवलं. आज प्रत्येक तासाला हात आपोआप बटणाकडे गेला.

२५ जून, मंगळवार

ताणतारा बघायला मनोऱ्याच्या टेकडीवर गेले होते. तारांना आज माझी गरज नव्हती. तिथून पूल दिसतो. एल्सिरा दुपारपासून पुलावर उभी होती.

तीन वाजून वीस मिनिटांनी तो आला. एकच घोडा होता. पुलावर चढण्याआधी त्याने एल्सिराला पाहिलं आणि तिथेच उतरला. मग चालत तिच्याजवळ गेला. एवढ्या अंतरावरून आवाज येत नाही. ती किती बोलली, बोलली की नाही, ते मला माहीत नाही. तो बराच वेळ उभा राहिला. मग दोघे दवाखान्याच्या रस्त्याने निघाले. घोडा कुणी धरला नव्हता, तो आपणहून मागे चालला.

२६ जून, बुधवार

दफन अकराला. भिंतीकडच्या बाजूला, असं डायरेक्टरबाईंनी येऊन सांगितलं. मी गेले नाही. मला तिथे उभं राहायचा हक्क आहे की नाही, हे ठरवता आलं नाही, आणि साडेबाराला निरोप होते.

ओव्हिदिओंचं पत्र आलं. सोमवारी गाठीचा अहवाल आला. ते परत येतील, पण वाचायला नाही. माझ्यासाठी त्यांनी एक यादी केली आहे, कुठल्या शब्दाचा पठारावर काय अर्थ होतो. सव्वातीन पानं. 'हे कधी लिहावं लागेल असं वाटलं नव्हतं,' असं खाली आहे. सप्टेंबरनंतर निरोपांना किती मिनिटं मिळतील, हे त्यांना कुणी कळवलेलं दिसत नाही. मीही कळवलेलं नाही.

२७ जून, गुरुवार

साडेअकराला ते दोघे स्टेशनवर आले. सातुर्निनो पंचेचाळिशीचा असावा. माझ्यापेक्षा थोडासाच उंच. टोपी हातात धरून काउंटरपाशी उभा राहिला. उद्या वाग्नर वाट उघडतो आहे, त्याच्या मागोमाग परत जाणार. मेंढ्या सहा दिवस एकट्या आहेत.

बेलार्मिनोसाठी निरोप द्यायचा होता. मी कागद पुढे केला, तो म्हणाला, तुम्हीच लिहा, माझी बोटं अजून वळत नाहीत. 'बेलार्मिनोला म्हणा, पोचलो. एक घोडा वाटेत बसला. बाकी भेटल्यावर.' मी शब्दाला शब्द लिहिलं आणि वाचून दाखवलं. बरोबर, म्हणाला.

मग म्हणाला, 'तो शब्द तुमचा होता.'

'हो.'

त्याने टोपी काउंटरवर ठेवली, परत उचलली. 'बर्फ तर होतंच,' तो म्हणाला.

बर्फ असूनही चौदा तारखेला निघाला असता तर तो अठराला पोचला असता. बावीसला निघालेला माणूस पंचवीसला पोचला, त्यावरून चुकीला जागा ठेवून काढता येतं. त्या अठरा तारखेला क्लोरिंदाबाई उशीला टेकून बसल्या होत्या आणि त्यांनी दोनदा सूप मागितलं होतं. हे मी सांगितलं नाही. मी माफी मागितली. वाक्य काल तयार केलं होतं, ते मध्येच तुटलं. त्याने पूर्ण व्हायची वाट बघितली, आणि होत नाही असं दिसल्यावर मान हलवली.

एल्सिरा दाराशी थांबली होती. तिने अजून माझ्याकडे पाहिलं नव्हतं.

सातुर्निनो जायला वळला आणि थांबला. 'एल्सिरा म्हणते, तुम्ही आईजवळ बसायचात. मी खिडक्या लावून बसलो होतो तेव्हा.' पुढचं त्याला पटकन बोलता येईना. 'तिनं माझ्याबद्दल विचारलं होतं का?'

'एकदा,' मी म्हणाले.

'कधी?'

'शनिवारी. निघाला का, म्हणून. निघाला म्हटल्यावर झोपल्या.'

तो शनिवारीच निघाला होता. ते त्याने मनात जुळवून पाहिलं, हे मला दिसलं. मग बहिणीकडे वळला. 'एकदाच?'

एल्सिरा डोक्याच्या रुमालाची गाठ मारत होती. मारलेली गाठ तिने सोडली, पुन्हा मारली.

'एकदाच,' ती म्हणाली, आणि त्याच्यासाठी दार उघडून धरलं.